केळीच्या घडाचा हिशेब

बाजारांत केळीं घ्यावयास गेलेल्या गृहिणीला एक अनुभव नेहमींचा आहे. एकाच हातगाडीवर, एकाच भावानें, दोन फण्या मांडलेल्या असतात. एका फणीचें केळें हातांत घ्यावें तों तें भरदार, गोल अंगाचें, सालीला नितळ. सोललें तर आंत घट्ट आणि गोड. दुसऱ्या फणीचें केळें बारीक, कडा उमटलेलें, सालीवर गंजासारखे खरखरीत ठिपके असलेलें. वरून पिवळें दिसलें तरी खातांना जिभेला कांहीं समाधान नाहीं. केळेंवाल्याला कारण विचारावें तर तो म्हणतो, "बाई, माल वरूनच तसा आला." हें जें 'वरून' आहे, तें नेमकें कोठून, आणि तेथें काय घडलें म्हणजे एक घड असा व दुसरा तसा होतो, तें आज श्रोत्यांपुढें मांडावें असा विचार आहे.

मी कांहीं शेतकी कॉलेजांत शिकलेला मनुष्य नव्हे. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, आणि हयात गेली ती मुलांना भूमिति व शुद्धलेखन शिकविण्यांत. परंतु माझा जन्म रावेर तालुक्यांतला. वडिलांची दीड एकर केळीची बाग धाकट्या भावाकडे आहे, आणि २०१६ सालीं निवृत्त झाल्यापासून वर्षांतले तीन-चार महिने मी तिकडेच असतों. त्या बागेनें मला जें शिकविलें, आणि त्याबद्दल जी फी वसूल केली, तिची हकीकत ओघानें येईलच.

जळगांव जिल्ह्यांतले रावेर, यावल, चोपडा हे तालुके म्हणजे तापीच्या खोऱ्यांतील खोल, काळ्या जमिनीचा मुलूख. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस नदी, आणि मध्यें मैलोगणती केळीच्या बागा. जगांत सर्वांत अधिक केळीं आपल्या देशांत पिकतात, आणि आपल्या महाराष्ट्राच्या वांट्याचा मोठा भाग या एका जिल्ह्यांतून येतो. जळगांवच्या केळ्यांना २०१६ सालीं भौगोलिक निर्देशांकाचें मानांकनहि मिळालें. पूर्वीं येथें बसराई नांवाची ठेंगणी जाति असे. अलीकडच्या तीस वर्षांत तिची जागा 'ग्रँड नैन' या जातीनें घेतली. हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ 'थोरला ठेंगू' असा आहे. बसराईहून उंच, पण इतर जातींच्या मानानें बुटकी, म्हणून हें नांव. मुलांचीं टोपणनांवें ठेवणाऱ्या वर्गांतल्या खोडकर पोरालाहि याहून नेमकें नांव सुचलें नसतें.

आतां मूळ विषयाकडे वळूं. आपण ज्याला केळीचें झाड म्हणतों तें खरोखरी झाड नव्हे. त्यांत लांकूड असें नाहींच. जें खोड आपल्याला दिसतें तें म्हणजे पानांच्या देठांचीं एकावर एक गुंडाळलेलीं सोपटें. सत्यनारायणाच्या पूजेला चौरंगाला बांधलेला केळीचा खांब ज्यानें सोलून पाहिला असेल त्याला हें सांगावयास नको. खरें खोड जमिनीखालीं असतें, तो कंद. त्या कंदाच्या शेंड्यावर एक इवलासा वाढीचा बिंदु असतो, आणि महिनेच्या महिने तो तेथेंच, जमिनीच्या पातळीशीं, बसून एकामागून एक पानें वर पाठवीत असतो. उष्ण दिवसांत आठवड्या-दहा दिवसांस एक पान येतें. कडक थंडींत त्याच पानाला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. अशीं तीस-पस्तीस पानें झालीं म्हणजे बिंदूचें काम बदलतें. तो पान करणें सोडून फूल करूं लागतो. तें फूल खोडाच्या पोकळींतून वर चढत जाऊन एके दिवशीं शेंड्यांतून बाहेर डोकावतें. याला आमच्याकडे केळ 'निसवली' असें म्हणतात.

या साऱ्या घडामोडींत दोन गोष्टी अशा आहेत कीं ज्या समजल्यावांचून केळीची शेती म्हणजे अंधारांत दगड मारणें आहे. पहिली ही, कीं घडाला फण्या किती यावयाच्या, हें घड दिसल्यावर ठरत नाहीं. तो बाहेर येण्यापूर्वी सुमारें तीन महिने, बाहेरून कांहींहि दिसत नसतांना, तें कंदाच्या शेंड्यावर ठरून गेलेलें असतें. त्या दिवसांत झाडाची उपासमार झाली असेल तर पुढें कितीहि खत ओता, सहा फण्यांच्या दहा होत नाहींत. दुसरी गोष्ट ही, कीं केळ एकदां निसवली म्हणजे तिला पुन्हां नवें पान येत नाहीं. त्या दिवशीं अंगावर जीं पानें असतील तेवढ्यांवरच तिला सगळा घड पोसून न्यावयाचा असतो. निदान आठ चांगलीं हिरवीं पानें त्या वेळीं हवींत. दहा-बारा असलीं तर फारच उत्तम. म्हणजे घडाची गणती आधींच्या महिन्यांवर आणि केळ्याचा भरदारपणा मागल्या पानांवर. हातगाडीवरची ती दुसरी फणी या दोहोंपैकीं एका ठिकाणीं, बहुधा दोन्ही ठिकाणीं, फसलेली असते.

हें मला आज ठाऊक आहे. २०१६ सालीं ठाऊक नव्हतें, पण ठाऊक असल्याच्या थाटांत मी बोलत होतों, ही माझी चूक. त्या पावसाळ्यांत भावानें मृगबाग लावली होती. मृगबाग म्हणजे पावसाच्या आरंभीं लावलेली. ऑक्टोबरच्या सुमारास लावतात तिला कांदेबाग म्हणतात. झाडें लागलीं, वाढलीं, आणि तीन-चार महिन्यांत त्यांच्या बुंध्यांतून पिलें फुटूं लागलीं. आमच्याकडे त्यांना मुनवे म्हणतात. भाऊ तीं विळ्यानें कापूं लागला. मीं त्याला थांबविलें. पाटीवर आंकडेमोड करून दाखविली: एका झाडाला एक घड, तर आई व दोन पिलें मिळून तीन घड. जागा तीच, मशागत तीच, मग उत्पन्न दुप्पट-तिप्पट कां नको? शिवाय युरिया दुप्पट घालण्याचाहि सल्ला दिला. तो म्हणाला, "दादा, पाटीवरची केळ निराळी अन् वावरातली निराळी." पण मी थोरला, त्यांत मास्तर. त्यानें ऐकलें.

चार महिने बाग पाहून डोळे निवत. पानें काळींभोर, झाडें उंच, सगळीकडे गर्द सावली. पुढें जे घड आले ते मात्र पांच-सहा फण्यांचे, कारण आईच्या तोंडचा घांस पिलें खात होतीं. आणि २०१७ सालीं, मृगाच्या आधींच्या एका संध्याकाळीं, घड उतरावयास दोन-तीन आठवडे उरले असतांना, वावटळीनें त्या बागेचा जवळजवळ अर्धा भाग आडवा केला. शेजारच्या बागाहि पडल्या, नाहीं असें नाहीं; पण आमच्या अधिक पडल्या. दुप्पट युरियावर वाढलेलीं तीं उंच, मऊ, पाण्यानें फुगलेलीं खोडें मधोमध मोडलीं होतीं. उभ्या राहिलेल्या झाडांचे घड बारा-तेरा किलोंचे भरले. व्यापाऱ्यानें भाव पाडून मागितला आणि द्यावाच लागला. सोसायटीचें पीककर्ज थकलें. पुतणी त्या वर्षीं नाशिकला परिचारिकेच्या शिक्षणाला जावयाची होती, ती वर्षभर घरीं राहिली. भाऊ मला एक शब्दहि बोलला नाहीं. रोज पहांटे उठून तो पडलेलीं झाडें तोडून बांधावर नेत असे, आणि मी ओसरीवर वर्तमानपत्र उघडून बसत असें. तें वाचल्याचें मला स्मरत नाहीं.

पुढल्या लावणीपासून मीं सल्ला देण्याचें काम सोडलें आणि वही ठेवण्याचें घेतलें. आज जें सांगतों आहें तें त्या वहींतलें, भावाच्या करणींतलें, आणि कृषि विद्यापीठांच्या शिफारशी मागाहून वाचून पडताळलेलें आहे.

लावणीचें अंतर हा माझ्या भूमितीचा प्रांत, म्हणून तेथूनच आरंभ करितों. आमच्याकडे पांच फूट बाय पांच फूट अंतर ठेवतात. एका झाडाला पंचवीस चौरस फूट जमीन. एकराचे ४३,५६० चौरस फूट. म्हणजे एकरीं सुमारें साडेसतराशें झाडें. याहून दाट लावलें तर झाडांची संख्या वाढते खरी, पण प्रत्येक झाड उजेडासाठीं मान उंचावूं लागतें, खोड बारीक होतें, घड उशिरां येतो, आणि आंत दमट हवा कोंडून करपा रोगाला बोलावणें जातें. मुनवे न कापणें म्हणजे चोरपावलांनीं तीच दाटी करणें. हे मुनवे दोन प्रकारचे असतात. एकाचीं पानें तलवारीसारखीं अरुंद. तें आईच्या कंदाशीं घट्ट जोडलेलें, जोमदार. दुसऱ्याचीं पानें लहानपणींच रुंद; तें दिसावयास गोंडस, पण कंदाशीं त्याचें नातें वरवरचें असतें व त्यापासून चांगली केळ होत नाहीं. लागवडीसाठीं कंद घ्यावयाचा तर पहिल्याचा. इतर सगळे मुनवे दर दोन-तीन आठवड्यांनीं जमिनीलगत कापावे लागतात. केळ निसवल्यावर मात्र एक तलवारी मुनवा राखतात, तोच पुढचा खोडवा. आणि घड उतरल्यावर आईचें खोड लगेच बुंध्यापासून तोडीत नाहींत. थोडथोडें वरून उतरवीत नेतात, कारण त्यांत उरलेला अन्नरस हळूहळू खालच्या पिलाला पोंचत असतो. हें प्रथम पाहिलें तेव्हां, खोटें कशाला सांगूं, मला बरेंच कांहीं आठवलें.

आतां खत. महाराष्ट्रांतील शिफारस अशी आहे कीं एका झाडाला, त्याच्या पुऱ्या आयुष्यांत, २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद आणि २०० ग्रॅम पालाश द्यावें. त्याखेरीज लावणीच्या वेळीं दहा किलो चांगलें कुजलेलें शेणखत. दुकानांतल्या पोत्यांच्या भाषेंत हें सुमारें ४३५ ग्रॅम युरिया, २५० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि ३३० ग्रॅमच्या आसपास म्युरेट ऑफ पोटॅश होतें. हें एकदम द्यावयाचें नसतें. दहा महिन्यांत सात-आठ हप्त्यांनीं. नत्राचा मोठा भाग पहिल्या साडेपांच महिन्यांत, कारण तेव्हां पानें घडावयाचीं असतात व फण्यांची गणतीहि व्हावयाची असते. पालाशाचा बराच भाग मात्र पुढच्या काळासाठीं राखून ठेवतात. पानांत तयार झालेली साखर फळापर्यंत वाहून नेण्याच्या कामीं पालाश लागतें. तें कमी पडलें तर पानांच्या कडा पिवळ्या पडून करपतात, केळें भरत नाहीं, आणि पिकल्यावर चवीला फिकें लागतें. नत्र अति झालें तर काय होतें तें मीं वर सांगितलेंच आहे. आपल्याकडे युरिया स्वस्त व पोटॅश महाग, म्हणून शेतकऱ्याचा हात युरियाकडे आपोआप जातो. एवढें सांगून हा मुद्दा मी सोडतों, कारण सरकारी दरांवर बोलण्याची ही जागा नव्हे.

पाण्याविषयीं एक जुना गैरसमज आहे. केळीला पाणी पुष्कळ लागतें, हें खरें. भर उन्हाळ्यांत वाढलेल्या एका झाडाला दिवसाकांठीं वीस लिटरांच्या आसपास पाणी पाहिजे. पण पुष्कळ याचा अर्थ तुंबलेलें नव्हे. केळीचीं बहुतेक मुळें वरच्या एक-दीड फूट मातींतच पसरलेलीं असतात. सरींतून पाटाचें पाणी सोडलें कीं तीं दोन दिवस बुडतात, त्यांचा श्वास कोंडतो. मग आठवडाभर तीं तहानलेलीं राहतात. आज बुडणें, उद्यां तहान, असा हा प्रकार. आमचे वडील विहिरीवर मोट चालवीत, त्यानंतर पंप आले, विहिरी खोल गेल्या, बोअर त्याहून खोल गेले. आतां ठिबक नळ्यांतून रोज थोडें थोडें पाणी बुंध्याशीं टपकतें, आणि त्याच पाण्यांतून विरघळणारीं खतें दर आठवड्यास जातात. पाणी वांचतें हा एक लाभ. परंतु घडाच्या दृष्टीनें मोठा लाभ हा, कीं झाडाला कोणत्याच दिवशीं उपवास घडत नाहीं.

केळ ही उष्ण व दमट हवेंत सुखी असते, आणि आमचा मुलूख तिला दोन्ही टोकांनीं छळतो. पारा बारा-तेरा अंशांखालीं गेला कीं तिची वाढ जवळजवळ थांबते. डिसेंबर-जानेवारींत निसवणाऱ्या केळीचा घड कधीं कधीं खोडाच्या गळ्यांतच अडकतो, धड बाहेर येत नाहीं, आणि फण्या एकमेकींत चेंगरून वांकड्या होतात. म्हणून निसवण ऐन थंडींत येऊं नये असा लावणीचा बेत करणें, हाच त्यावर खरा उपाय. थंडीच्या रात्रीं विहिरीचें पाणी द्यावें, तें जमिनीवरच्या हवेपेक्षां उबदार असतें. कोणी बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करितात. उलट मे महिन्यांत पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसावर जातो, लू वाहते, पानें फाटून त्यांच्या चिंध्या होतात. त्यासाठीं बागेच्या वाऱ्याकडच्या बाजूंना शेवरीची दाट ओळ लावतात. आमच्या बागेभोंवतीं पूर्वीं ती होती. चार फुटांची पट्टी फुकट जाते म्हणून ती तोडण्याचा सल्ला कोणी दिला होता, हें श्रोत्यांनीं ओळखलेंच असेल. आतां ती पुन्हां लावली आहे.

घड निसवल्यानंतरचें काम हें बहुतेक बायकांच्या हातचें आणि सर्वांत नाजूक. केळफुलाची जांभळी पारी एकेक करून उलटते आणि तिच्याखालीं एकेक फणी प्रगट होते. पहिल्या आठ-दहा पाऱ्यांखालचीं फुलें स्त्रीफुलें. त्यांचींच केळीं होतात. त्यापुढचीं सारीं नरफुलें. त्यांतून फळ कधींच यावयाचें नाहीं, पण केळफूल लोंबत राहून घडाच्या वांट्याचा अन्नरस मात्र ओढीत राहतें. म्हणून शेवटची फणी उलगडली कीं कांहीं दिवसांतच केळफूल, वीतभर दांडा राखून, कापून टाकतात. आपण ताकाच्या पाण्यांत भिजवून ज्याची भाजी करितों तें हेंच. म्हणजे ती भाजी पानांत आली तेव्हां कोठें तरी एका घडाचें वजन वाढलें, असें समजण्यास हरकत नाहीं. तसेंच शेंड्याकडच्या एक-दोन खुरट्या फण्याहि काढून टाकतात, आणि आठ-नऊ भरदार फण्याच ठेवतात. हें करितांना भावाची बायको प्रथम हळहळत असे. आलेलें फळ हातानें तोडावयाचें! पण उरलेलीं केळीं त्यामुळें लांबीला व जाडीला सारखीं होतात, आणि व्यापारी सारखेपणाला पैसे देतो.

त्यानंतर केळ्यांच्या टोकांवरचीं सुकलेलीं फुलें हलक्या हातानें खुडावयाचीं. तीं राहिलीं तर त्यांत बुरशी धरते आणि शेजारच्या केळ्याच्या सालीला घासून तीं ओरखडे काढतात. मग साऱ्या घडावर भोंकें असलेली पातळ प्लास्टिकची किंवा न विणलेल्या कापडाची पिशवी चढवितात. पहिल्यानें मला हा थाट वाटला. भाऊ म्हणाला, "शाळेंतल्या पोरांना आपण गणवेश घालतोंच ना, दादा?" त्या पिशवीनें धूळ, पानांचें घर्षण, आणि विशेषतः फुलकिडे यांपासून साल वांचते. हातगाडीवरच्या केळ्यावर जे गंजल्यासारखे खरखरीत ठिपके दिसतात ते बहुतेक या फुलकिड्यांचे असतात. घड कोंवळा असतांनाच ते साल खरवडतात. त्यानें आंतला गर बिघडत नाहीं, पण भाव उतरतो. पंचवीस-तीस किलोंचा घड झाला कीं त्याच्या भारानें झाड झुकतें. त्याला बांबूचा टेंकू किंवा शेजारच्या झाडाला बांधलेली पट्टी द्यावी लागते.

रोगांचा पाढा मी वाचणार नाहीं. दोघा-तिघांचीं नांवें पुरेत. हरण्या या रोगांत पानांवर पिवळे पट्टे उठतात, आणि पोंगा म्हणजे उमलावयाचें कोंवळें पान सडूं लागतें. बंची टॉप रोगांत पानें आंखूड होऊन शेंड्याशीं गुच्छासारखीं जमतात. दोन्ही विषाणूंचे, दोन्ही मावा किडा पसरवितो, आणि रोगट झाडाला औषध नाहीं. तें उपटून गाडावयाचें, आणि बागेंत वा बागेशेजारीं काकडी, भोपळा, टोमॅटो असलीं पिकें घ्यावयाचीं नाहींत, कारण हरण्याचा विषाणु त्यांवरहि राहतो. एका वर्षीं भावानें एका सकाळीं चाळीस निरोगी दिसावयास लागलेलीं झाडें, केवळ एका पानावर पट्टा दिसला म्हणून, उपटलीं. शेजाऱ्यानें त्याला वेडा म्हटलें. त्या शेजाऱ्याची बाग पुढें महिन्याभरांत निम्मी गेली. करप्याचें तसें नाहीं. त्यांत पानाचा रोगट तेवढाच भाग कापून जाळला आणि बाग मोकळी ठेवली तर बरेंच निभावतें. पण लोक भीतीनें पानेंच्या पानें कापतात, आणि घड पोसणारीं पानें किती उरलीं हें मोजीत नाहींत.

एक रोग मात्र साऱ्या जगाच्या केळीवाल्यांची झोंप उडविणारा आहे. केळ्यांत बीं नसतें. एका जातीचें प्रत्येक झाड हें दुसऱ्याचीच प्रत असतें. म्हणून जो रोग एकाला मारतो तो सर्वांना मारतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या व्यापारांत ग्रो मिशेल नांवाचें केळें असे. जमिनींतल्या एका बुरशीनें, ज्या रोगाला पनामा मर म्हणतात त्यानें, त्या बागा उठविल्या, आणि त्यांच्या जागीं आपल्या बसराईच्या व ग्रँड नैनच्या कुळींतलीं झाडें आलीं, कारण तीं त्या बुरशीला दाद देत नसत. आतां त्याच बुरशीचा एक नवा वंश निघाला असून तो याहि कुळीला मारतो. २०१९ सालीं तो दक्षिण अमेरिकेंत कोलंबियांत आढळला. आपल्याकडे बिहार व उत्तर प्रदेश या भागांत तो शिरलेला आहे. तो मातीबरोबर, कंदांबरोबर, बुटांना लागलेल्या चिखलाबरोबर प्रवास करितो. म्हणून आतां परगांवचा कंद आमच्या बागेंत येऊं देत नाहीं. प्रयोगशाळेंत वाढविलेलीं, तपासलेलीं रोपेंच घेतों. पाहुणा आला तरी त्याला आधीं पायपुसण्यावरून नेतात. मलासुद्धां.

घड तयार झाला हें केळ्याच्या कडांवरून समजतें. कोंवळ्या केळ्याला चांगल्या टोंचणाऱ्या कडा असतात. तें भरत गेलें कीं त्या बोथट होत होत अंग गोल होतें. उन्हाळ्यांत निसवल्यापासून तीन महिने, थंडींत चार महिने, असा हिशेब. दूरच्या बाजारासाठीं थोड्या कडा शिल्लक असतांनाच उतरवितात, नाहींतर वाटेंतच पिकावयाचें. घाईच्या व्यापाऱ्यासाठीं फारच आधीं उतरविलेलें केळें पिवळें होतें, पण गोड होत नाहीं, कारण गोडी व्हावयास लागणारें पिठूळ सत्त्वच त्यांत पुरें सांठलेलें नसतें. पूर्वीं रावेर व सावदा स्टेशनांवरून वाघिणी भरभरून घड दिल्लीकडे जात. घडावर घड रचलेले, मध्यें केळीचींच पानें. प्रत्येक ठोकरेचा डाग तेव्हां दिसत नाहीं. केळें पिकलें म्हणजे काळा होऊन वर येतो. आतां चांगल्या मालाच्या फण्या बागेंतच सोडवून, चीक निघून जावा म्हणून तुरटीच्या पाण्यांत धुवून, खोक्यांत भरतात.

पिकविण्याची चांगली रीत म्हणजे बंद खोलींत सोळा ते अठरा अंश उष्णता राखून एथिलीन वायु देणें. हा वायु फळ पिकतांना स्वतःच सोडीत असतें, म्हणून त्यांत कृत्रिम असें फारसें नाहीं. वाईट रीत म्हणजे कॅल्शियम कार्बाइडची भुकटी. तींत आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असूं शकतात, आणि २०११ च्या अन्नसुरक्षेच्या नियमांनीं ती फळें पिकविण्यास मना आहे. नुसत्या रंगावरून कार्बाइडचें केळें ओळखतां येतें असें पुष्कळ लोक छातीठोक सांगतात, त्यांवर विश्वास ठेवूं नये. त्यापेक्षां टोंकांना किंचित् हिरवीं असलेलीं केळीं घ्यावीं आणि घरींच कागदांत गुंडाळून पिकूं द्यावीं. घाई असेल तर बरोबर एखादें पिकलेलें सफरचंद ठेवावें. केळीं शीतकपाटांत मात्र ठेवूं नयेत. सातपुड्याच्या थंडींत झाडावर जें होतें तेंच त्या कपाटांत होतें: साल करडी-काळी पडते, आणि हिरवट केळें असेल तर तें मग नीट पिकतच नाहीं.

डागांतला फरक एवढा ध्यानीं ठेवला कीं पुरें. पिकल्यावर सालीवर उमटणारे बारीक तपकिरी ठिपके हे गोडी पुरी आल्याची खूण. खरखरीत, बोटाला लागणारे गंजाचे डाग फुलकिड्यांचे. ते खुशाल चालतात, आणि अशीं केळीं स्वस्त मिळालीं तर अवश्य घ्यावीं. दबलेले, मऊ, काळे चट्टे वाहतुकींतल्या ठोकरांचे. तीं त्याच दिवशीं शिकरणींत घालावीं.

गेल्या कांदेबागेचे घड उतरले तेव्हां मी तेथेंच होतों. वहींत सरासरी सव्वीस किलोंची लिहिली आहे. पुतणी एक वर्ष मागें पडली ती पडलीच, पण आतां नाशिकच्या एका रुग्णालयांत काम करिते, आणि सुटींत आली कीं पिशव्या चढविण्याचें काम तिच्याकडे असतें. निघतांना भावानें मला पुण्याला न्यावयास मधल्या फणीचीं बारा केळीं पिशवींत घालून दिलीं आणि म्हणाला, "दादा, हीं पांचव्या दिवशीं खा. आधीं नको." मीं तिसऱ्या दिवशींच एक सोलून पाहिलें. भाऊ सांगत होता तेंच बरोबर होतें.